बनाना स्लग : शंख टाकून दिलेली गोगलगाय

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेपासून थेट ऑरेगनच्या सीमेपर्यंत, रेडवूडची जंगलं तुकड्यातुकड्यांनी पसरलेली आहेत. रेडवूड हे जगातलं सगळ्यांत उंच झाड; त्यातली काही झाडं शंभर मीटरच्याही वर गेलेली. इथे येणारा प्रत्येक जण मान वर करूनच चालतो. मात्र पाऊस पडून गेलेल्या सकाळी नजर खाली ठेवली, तर कोसळलेल्या ओंडक्यावर किंवा नेच्यांच्या मुळाशी वीतभर लांबीचं, पिवळंधमक, ओलसर चमकणारं काहीतरी दिसतं. थोडा वेळ थांबलं की ते हलतंय हे कळतं. पुढच्या टोकाला दोन शिंगं बाहेर येतात, हवेत संथपणे फिरतात. ही बनाना स्लग, म्हणजे शंख नसलेली गोगलगाय.

शास्त्रज्ञ हिच्या कुळाला ‘अ‍ॅरिओलायमॅक्स’ म्हणतात. अलास्काच्या आग्नेय भागापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या दमट किनारपट्टीत या कुळातल्या अनेक जाती आढळतात. पूर्ण वाढलेली स्लग २५ सेंटिमीटरपर्यंत लांब होते, वजन शंभर ग्रॅमच्या वर जाऊ शकतं. जमिनीवर राहणाऱ्या स्लगमध्ये हिच्याहून मोठी फक्त युरोपच्या जुन्या जंगलांतली राखी-काळी लायमॅक्स सिनेरिओनायगर, ती ३० सेंटिमीटरपर्यंत जाते. बनाना स्लग नेहमी पिवळीच असते असंही नाही. उत्तरेकडच्या अ‍ॅरिओलायमॅक्स कोलंबियानस या जातीवर काळे-तपकिरी डाग असतात, काही तर जवळजवळ काळ्याच दिसतात. दक्षिणेकडच्या जाती सहसा एकरंगी पिवळ्या. रंग खाण्यावर, ओलाव्यावर, उजेडावर बदलतो, त्यामुळे त्यावरून जात ओळखायला गेलं की हमखास फसगत होते. अल्बर्ट मीड या प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ साली या कुळाची नव्याने मांडणी केली, तीही जननेंद्रियांचं विच्छेदन करून, कारण बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या जाती आतून मात्र स्पष्टपणे वेगळ्या असतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाची गोगलगायीशी ओळख बहुतेक वेळा भांडणातून होते. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली आणि शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. पावसाळ्यात घराभोवती, कुंड्यांखाली, न्हाणीत सापडणारी चपटी काळपट स्लग बहुतेकदा लेव्हिकॉलिस आल्टे असते, ती मूळची आफ्रिकेतली मानली जाते. ती दिसली की घरातलं कोणीतरी मिठाची बरणी आणतं. बाहेरून आलेल्या, शेतात माजलेल्या या जातींवरून सगळ्या गोगलगायींची पारख होते आणि ती अन्यायाची आहे. आपल्या जागी, आपल्या जंगलात राहणारी स्लग काय करते, हे समजून घ्यायला बनाना स्लगसारखं उदाहरण नाही. तिचा अभ्यासही भरपूर झालेला आहे.

सुरुवात शंखापासून करायला हवी, म्हणजे तो नसण्यापासून. स्लग हा काही गोगलगायींहून वेगळा, स्वतंत्र वंश नाही. शंख असलेल्या गोगलगायींच्या निरनिराळ्या कुळांत, निरनिराळ्या काळी, एकमेकांशी संबंध नसताना शंख लहान होत गेला आणि शेवटी नाहीसा झाला. बनाना स्लगच्या पाठीवर डोक्यामागे जाडसर कातडीचा एक भाग दिसतो, त्याला प्रावार म्हणतात. त्याच्या आत आजही चुन्याची एक छोटी चकती असते. पूर्वजांच्या शंखातलं तेवढंच उरलेलं आहे.

शंख टाकल्याचे फायदे उघड आहेत. तो बांधायला लागणारं कॅल्शियम शोधत बसावं लागत नाही, आणि सूचिपर्णी झाडांच्या पाल्याखालच्या आम्लधर्मी जमिनीत ते तसंही सहजी मिळत नाही. अंगावर ओझं नसल्याने सालीच्या फटीत, दगडाखाली, उंदराच्या जुन्या बिळात, कुठेही शिरता येतं. पण एका गोष्टीची मोठी किंमत मोजावी लागते, ती म्हणजे पाणी. ऊन वाढलं की शंखाची गोगलगाय अंग आत ओढून घेते आणि तोंड बंद करून महिनोन्‌महिने पडून राहू शकते. स्लगला अशी सोय नाही. तिची कातडी पातळ आणि सतत ओली असते. उघड्या हवेत ती वाळतच राहते. मिठाने ती मरते तीही याच कारणाने: मीठ तिच्या अंगातलं पाणी बाहेर खेचून घेतं. ती रात्री का हिंडते, धुकं असलेल्या जंगलातच का राहते, एवढी संथ का चालते, तिच्या अंगावर तो बुळबुळीत स्राव कशासाठी, या सगळ्या प्रश्नांची वाट पाण्यापाशी येऊन थांबते.

त्या स्रावाची आपल्याला किळस वाटते. पण जवळून पाहिलं तर निसर्गात इतका कामसू पदार्थ क्वचितच सापडेल. त्यात ९६-९७ टक्के पाणी असतं. उरलेले तीन-चार टक्के म्हणजे साखरेच्या साखळ्या जोडलेली लांबलचक प्रथिनं. एवढ्याशा प्रथिनांनी एवढं पाणी धरून ठेवायचं, ही त्यातली करामत. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये इन्ग्रिथ डायरप-ओल्सन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी स्लगच्या स्रावावर वर्षानुवर्षं काम केलं. हा स्राव कातडीतून तयार अवस्थेत वाहत येत नाही. पेशींमधून सूक्ष्म, घट्ट, जवळजवळ कोरड्या पुड्या बाहेर पडतात. त्या फुटल्या की आत दाबून घडी घातलेली प्रथिनं उलगडतात, आजूबाजूचं पाणी शोषतात आणि क्षणात कित्येक पटींनी फुगतात. म्हणजे स्लग स्राव साठवते तो जवळजवळ कोरडा, आणि वापरते तो ओला. अंगात पाण्याची चणचण असलेल्या प्राण्याला याहून चांगली व्यवस्था काय असणार!

शिवाय स्राव एकाच प्रकारचा नसतो. कातडी ओली ठेवणारा पातळ थर वेगळा, चालायला लागणारा वेगळा आणि कोणी डिवचलं की सुटणारा घट्ट, चिवट स्राव आणखी वेगळा. या शेवटच्या प्रकाराने जिभेला बधिरपणा येतो. हे कळायला चावावंही लागत नाही, जीभ लावली तरी पुरे. कॅलिफोर्नियात निसर्गशिबिराला गेलेली कित्येक मुलं तसं करून बघतात आणि काही वेळ त्यांची जीभ सुन्न होऊन जाते. शेपटीच्या टोकाला स्रावाचा एक गोळा साठलेला असतो. फांदीवरून खाली उतरायचं झालं तर काही स्लग स्रावाच्याच दोरीला लटकून उतरतात.

आता चालणं. काचेच्या तुकड्यावर स्लग ठेवून खालून पाहिलं, तर तिच्या पोटाखालच्या रुंद तळव्यावर आडव्या पट्ट्या दिसतात. त्या शेपटीकडून डोक्याकडे एकामागून एक सरकत जातात. या स्नायूंच्या लाटा. लाटेतला भाग पुढे सरकतो, दोन लाटांमधला भाग जमिनीला धरून राहतो. तळवा कुठेच उचललेला नसतो. तो अख्खा स्रावाच्या थरावर टेकलेला असतो आणि हा थर मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढाच जाड असतो. मग एकाच वेळी एकाच थराने काही ठिकाणी घट्ट धरायचं आणि काही ठिकाणी निसटू द्यायचं, हे जमतं कसं?

मार्क डेनी या तरुण संशोधकाने १९८० साली याचं उत्तर दिलं, आणि त्याने अभ्यासाला घेतलेला प्राणी बनाना स्लगच होता. थोड्या ताणाला हा स्राव घन पदार्थासारखा वागतो, ताणला जातो पण वाहत नाही. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की तो एकदम ढिला पडतो आणि द्रवासारखा वाहू लागतो. ताण थांबला की क्षणार्धात पुन्हा घट्ट होतो. लाटेखाली ताण जास्त, म्हणून तिथे तो निसरडा. लाटांच्या मधे ताण कमी, म्हणून तिथे तो पकड देतो. याच कारणाने स्लग उभ्या खोडावर चढते आणि फांदीच्या खालच्या बाजूने उलटीही चालते.

याची किंमतही डेनीने मोजली. स्लग किती प्राणवायू वापरते आणि किती स्राव मागे सोडते, यावरून त्याने हिशेब केला, तेव्हा चालण्याची ही पद्धत धावणं, पोहणं, उडणं या सगळ्यांहून महाग निघाली, आणि खर्चाचा मोठा वाटा स्नायूंचा नव्हता, स्राव बनवण्याचा होता. बनाना स्लग मिनिटाला साधारण १६ सेंटिमीटर जाते. हा वेग पाहून तिला आळशी म्हणण्यात अर्थ नाही. प्रत्येक सेंटिमीटरला ती स्वतःच्या अंगातलं पाणी आणि प्रथिनं जमिनीवर अंथरते.

अंथरलेलं सगळंच वाया जात नाही. मागे राहिलेल्या चमकत्या रेषेत रासायनिक खुणा असतात आणि दुसऱ्या स्लगला त्या वाचता येतात. माणसालाही या स्रावाकडून शिकायला मिळालं आहे. युरोपच्या जंगलांतली अ‍ॅरिऑन सबफस्कस ही स्लग घाबरली की स्वतःला जागेवर चिकटवून टाकणारा स्राव सोडते. त्या रचनेवरून हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक चिकट पदार्थ तयार केला. तो रक्ताने भिजलेल्या अवयवावरही धरून राहतो, आणि ओल्या जागेवर चिकटणं हीच वैद्यकातल्या डिंकांची नेहमीची अडचण होती.

स्लगचं जग वासाचं आहे. डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या असतात. वरच्या लांब जोडीच्या टोकाला डोळे. त्यांना उजेड-अंधार कळतो, चित्र नीट दिसत नाही. वास घेण्याचं मुख्य कामही हीच जोडी करते. खालची आखूड जोडी जमिनीवर टेकत, चव बघत पुढे जाते. काही लागलं की सदऱ्याची बाही आतून ओढून घ्यावी तसं शिंग आत ओढलं जातं, आणि तुटलंच तर पुन्हा उगवतं. उजव्या बाजूला प्रावाराच्या कडेला एक भोक उघडझाप करताना दिसतं. ते श्वासाचं. आत एकच फुप्फुस असतं, शिवाय ओल्या कातडीतूनही प्राणवायू जातो. हवा कोरडी असली की भोक बराच वेळ मिटलेलं राहतं, कारण प्रत्येक श्वासाबरोबर वाफही बाहेर जाते.

एवढ्याशा मेंदूला काही शिकता येतं का? अ‍ॅलन गेल्पेरिन यांनी १९७५ साली लायमॅक्स मॅक्झिमस या स्लगवर प्रयोग केले. तिला नवं खाणं दिलं आणि लगेच कार्बन डायऑक्साइडने तिला त्रास होईल असं केलं. एक-दोन वेळा असं झाल्यावर ती त्या खाण्याला तोंड लावेना, आणि हा धडा तिच्या लक्षात दीर्घ काळ राहिला. विषारी-बिनविषारी अळिंब्या शेजारी शेजारी उगवणाऱ्या जंगलात अशी आठवण जीव वाचवते.

अळिंबी हे बनाना स्लगचं आवडतं खाणं. याशिवाय कुजका पाला, पडलेली फळं, कोवळे कोंब, जनावरांची विष्ठा, मेलेले प्राणी, असं जवळजवळ काहीही ती खाते. माणसाच्या अंगावर फोड आणणाऱ्या पॉयझन ओकची पानंही तिला चालतात. तोंडात रॅड्युला नावाची पट्टी असते, तिच्यावर हजारो बारीक दातांच्या ओळी. ही पट्टी पुढे-मागे करून ती अन्न खरवडते. दात झिजतात तसे मागून नवे येतात.

तिच्या पोटातून जे बाहेर पडतं ते जंगलासाठी तिच्या खाण्याइतकंच महत्त्वाचं. कुजायला वेळ घेणारा पाला बारीक होऊन ओल्या विष्ठेच्या रूपाने जमिनीवर येतो, आणि जिवाणू-बुरशी त्यावर लगेच काम सुरू करतात. अळिंबीचे बीजाणू जागेवरून हलतात. अलास्कातल्या अभ्यासात बनाना स्लगने खाल्लेल्या रानफळांच्या बियाही विष्ठेतून शाबूत बाहेर पडताना दिसल्या. पक्षी आणि अस्वलं बिया दूरवर नेतात. स्लग नेते ती काही पावलांवर, पण ओल्या सावलीतल्या अशा जागी, जिथे रोप रुजायची शक्यता असते.

स्लगला खाणारेही आहेत. रॅकून तिला मातीत लोळवतो आणि स्राव निघून गेल्यावर खातो. मोठे सॅलॅमँडर, बदकं, कावळे तिला खातात, आणि काही साप तर तिच्यावरच जगतात. या सापांवर स्टीव्हन अर्नोल्ड यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. पश्चिम अमेरिकेतला एक गार्टर साप कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरही राहतो आणि आतल्या कोरड्या डोंगराळ भागातही. किनाऱ्यावर तो प्रामुख्याने स्लग खातो. आतल्या भागात स्लग नाहीतच, तिथे तो मासे आणि बेडूक खातो. अर्नोल्ड यांनी दोन्हीकडच्या गाभण माद्या प्रयोगशाळेत आणल्या. हे साप अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात. जन्मलेलं प्रत्येक पिल्लू वेगळं ठेवलं आणि काहीही खायला मिळण्याआधी त्याच्यासमोर स्लगचा छोटा तुकडा ठेवला. किनाऱ्याकडच्या बहुतेक पिल्लांनी तो खाल्ला. आतल्या भागातल्या बहुतेकांनी त्याला तोंडही लावलं नाही. आईने शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. आवड जन्मजात होती. अर्नोल्ड यांच्या मते आतल्या भागात स्लग खाण्याची आवड सापाला महागात पडत असावी, कारण ज्या सापांना स्लग आवडते ते जळवाही खातात, आणि आतल्या भागातल्या पाणथळीत जळवा असतात. किनाऱ्यावरच्या जंगलात एक मऊ, संथ, पिवळा प्राणी मुबलक आहे, एवढ्याने सापांची पिढ्यान्‌पिढ्यांची भूक बदलली.

स्लगचं प्रजनन हा तिच्या आयुष्यातला सगळ्यांत गुंतागुंतीचा भाग. प्रत्येक स्लग उभयलिंगी असते, शुक्राणू आणि अंडी दोन्ही बनवते. जोडीदार स्रावाच्या वासावरून सापडतो. मग दोघी एकमेकींभोवती फिरतात, एकमेकींच्या अंगावरचा स्राव चाखतात, कधी चावतातही, आणि शेवटी शरीरं वळवून बिलगतात. हे सगळं तासन्‌तास चालतं. शरीराच्या मानाने त्यांचं लिंग अतिशय लांब असतं. सांताक्रूझ भागातल्या जातीला मीड यांनी दिलेलं ‘डोलिकोफॅलस’ हे नाव त्यावरूनच आलं. काही वेळा मीलनानंतर एक स्लग दुसरीचं, किंवा दोघी एकमेकींचं, लिंग कुरतडून तोडून टाकतात. हॅरॉल्ड हीथ यांनी १९१६ सालीच हे नोंदवलं होतं. तोडलं गेलेलं लिंग पुन्हा वाढत नाही. ती स्लग अंडी मात्र घालू शकते. इतक्या टोकाच्या वागण्याचा फायदा कोणाला, यावर संशोधक आजही वाद घालतात. जोडीदाराला पुढे फक्त मादी म्हणून राहायला लावायचं, हा त्यातला एक तर्क. पुढे ओलसर ओंडक्याखाली किंवा पाल्यात पारदर्शक अंड्यांचा पुंजका घालून स्लग निघून जाते. राखण नाही, संगोपन नाही. अंड्यांचं नशीब त्या जागेच्या ओलाव्यावर.

कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो; उन्हाळ्याचे बरेच महिने आकाश कोरडं असतं. मग तेव्हा ही ओल येते कुठून? पॅसिफिकच्या थंड पाण्यावरून धुकं उठतं आणि रेडवूडच्या जंगलात शिरतं. झाडांच्या सुईसारख्या पानांवर ते साकळतं आणि थेंब थेंब खाली पडतं. टॉड डॉसन यांनी १९९८ मध्ये दाखवलं की अशा जंगलात वर्षभर पोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक-तृतीयांश पाणी या धुक्याच्या ठिबकण्यातून येतं. स्लगसाठी हाच उन्हाळ्याचा आधार. धुकंही कमी पडलं तर ती पाल्याखाली किंवा मातीत शिरते, अंगाचा गोळा करते, भोवती स्रावाचा थर घेते आणि ओल परत येईपर्यंत निपचित पडून राहते.

म्हणून धुक्याचे आकडे स्लगबद्दलही काही सांगतात. जेम्स जॉनस्टोन आणि डॉसन यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या किनाऱ्यावरच्या उन्हाळी धुक्याचं प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांनी घटलं आहे. शिवाय तोडीमुळे रेडवूडचं मूळ जंगल पाचेक टक्केच उरलं आहे. नव्याने वाढलेल्या जंगलातही स्लग राहते, पण सगळी झाडं तोडून ऊन थेट जमिनीवर आलं की तिथून तिला हलावं लागतं, आणि मिनिटाला १६ सेंटिमीटरच्या चालीने कोरडी दरी किंवा रुंद रस्ता पार होत नाही.

स्थानिक लोकांना मात्र ही गोगलगाय मनापासून आवडते. सांताक्रूझच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी तिला आपलं बोधचिन्ह मानलं होतं. प्रशासनाला समुद्रसिंह हवा होता. १९८६ मध्ये विद्यार्थ्यांनी प्रचंड बहुमताने स्लगच्या बाजूने कौल दिला आणि कुलगुरू रॉबर्ट सिन्सहायमर यांना तो मान्य करावा लागला. १९९४ च्या ‘पल्प फिक्शन’ चित्रपटात जॉन ट्रॅव्होल्टाच्या अंगावर त्याच विद्यापीठाचा स्लगचं चित्र असलेला टी-शर्ट आहे. १९८८ मध्ये तिला राज्याचं अधिकृत प्रतीक करण्याचं विधेयक कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलं, पण गव्हर्नर जॉर्ज ड्युकमेजियन यांनी ते परत पाठवलं. २०२४ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांच्या सहीने तिला तो मान मिळाला.

आज अमेरिकेत स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबं सुट्टीत या जंगलांत जातात, आणि मुलं स्लगला हात लावल्याशिवाय राहत नाहीत. तिला न उचलणंच बरं. आपल्या हातावरच्या घामातलं मीठ, सनस्क्रीन, कीटकांसाठी लावलेलं मलम, हे सगळं तिच्या कातडीतून आत जातं. पायवाटेवर ती दिसली तर वळसा घालावा. पायाखाली येण्याच्याच जागी असेल तर ओल्या पानावर घेऊन, ती ज्या दिशेला निघाली होती त्या कडेला ठेवावी. आणि तरीही स्राव हाताला लागलाच, तर लगेच नळाखाली हात धरू नये. पाणी मिळालं की तो आणखी फुगतो आणि सुटता सुटत नाही. आधी कोरड्या फडक्याने किंवा वाळक्या पानांनी हात खसाखसा पुसावा, उरलेला वाळू द्यावा, दोन्ही हात एकमेकांवर चोळून त्याच्या गोळ्या पाडाव्यात आणि मगच साबण लावावा.